क्वांडरी पीक, एप्रिलअखेर: रात्री बर्फ नीट गोठला की नाही, हे कसं ओळखायचं?

ऑरोराकर (बुधवार, रात्री)

नमस्कार मंडळी. या शनिवारी किंवा रविवारी मी आणि माझा ऑफिसमधला मित्र कोलोरॅडोत ब्रेकनरिजच्या दक्षिणेला क्वांडरी पीकवर स्की टूरला जायचं म्हणतोय. दोघांनीही जानेवारीत हिमस्खलनाचा, म्हणजे पहिल्या पातळीचा अ‍ॅव्हलांच कोर्स केला आहे. बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आहे आणि वापरायचा सरावही आहे. हिवाळ्यात बर्थूड पासच्या आजूबाजूला कमी उताराच्या झाडीत जाऊन आलो. पण कोर्समध्ये जे शिकलो ते सगळं थंड, कोरड्या बर्फाबद्दल होतं: खड्डा खणा, थर बघा, कॉलम टेस्ट करा, म्हणजे बर्फाचा खांब कापून त्यावर थापट्या मारून बघा. वसंतातल्या बर्फाबद्दल शेवटच्या तासात 'लवकर जा आणि लवकर खाली या' एवढंच सांगितलं. लवकर म्हणजे किती, आणि कशावरून ठरवायचं?

बेत असा आहे: पूर्वेच्या धारेने वर जायचं आणि जमलं तर दक्षिणेकडच्या क्रिस्टो कुलुआरने (खडकांमधली अरुंद, उभी घळ) ब्लू लेक्सच्या धरणापर्यंत उतरायचं. सोमवारी रात्री वादळ येऊन गेलं, जवळच्या हूजियर पास खिंडीच्या बाजूला वीसेक सेंटिमीटर नवा बर्फ पडला, वारा पश्चिमेचा होता. आज दिवसभर कडक ऊन. शुक्रवारची रात्र निरभ्र, किमान तापमान उणे ४. शनिवारची रात्र ढगाळ, उणे १. हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका 'मॉडरेट'.

दोन्ही रात्री शून्याखालीच आहेत, मग शनिवारी गेलो काय आणि रविवारी गेलो काय, फरक पडतो का? रविवार आम्हाला जास्त सोयीचा आहे. आणि या दिवसांत खड्डा खणून काही कळतं का?

चौदाहजारी (बुधवार, रात्री)

बिनधास्त जा. एप्रिल संपत आला की स्नोपॅक (साचलेल्या बर्फाचे सगळे थर) बसलेला असतो, डिसेंबर-जानेवारीसारखी भानगड राहत नाही. मी क्रिस्टो मे महिन्यात केला आहे, दहाच्या पुढे माथ्यावरून निघालो, कॉर्न (वर सुटा, खाली टणक असा वसंतातला बर्फ) अप्रतिम होतं. मॉडरेट म्हणजे पाचातली दुसरी पायरी. त्याच्या खाली जाईपर्यंत थांबलात तर सीझन संपेल. हेल्मेट मात्र न्या, क्रिस्टोच्या दोन्ही बाजूंनी दगड सुटतात.

कृष्णाकाठ (गुरुवार, पहाटे)

ऑरोराकर, रात्रीचे आकडे आणि ढग दोन्ही लिहिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. मी मूळची वाईची, आता बरीच वर्षं फ्रिस्कोला राहते. वसंतात कामावर जायच्या आधी डोंगरावर जाऊन यायचं हा माझा नेम आहे आणि क्वांडरी घराजवळचाच. म्हणून सविस्तर लिहिते.

उणे ४ आणि उणे १ या फरकाकडे मी फारशी बघत नाही. मी ढगांकडे बघते. बर्फ हवेमुळे गोठतो त्याहून जास्त आकाशामुळे गोठतो. रात्रभर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत असतो. आकाश मोकळं आणि हवा कोरडी असली, की पारा अधिक २ दाखवत असतानाही पृष्ठभाग शून्याच्या खाली जातो आणि पहाटेपर्यंत टणक कवच धरतं. कोलोरॅडोची हवा कोरडी, म्हणून आपल्याकडे हे वारंवार घडतं. ढग आले की तीच उष्णता ते परत खाली पाठवतात. मग पारा उणे १ दाखवतो आणि पायाखाली मात्र पापडाइतकं पातळ कवच, त्याखाली लगदा. तुमच्या दोन रात्रींत शुक्रवारची चांगली आहे, शनिवारची भरवशाची नाही. रविवार कितीही सोयीचा असला तरी मी आत्ताच खोडून टाकला असता.

अंदाज म्हणजे अंदाजच. शनिवारी पहाटे निघण्याआधी खरोखर काय झालं ते बघा. हूजियर पासला स्नोटेलचं, म्हणजे बर्फ आणि हवामान मोजणारं, स्वयंचलित केंद्र आहे, ११,४०० फुटांवर. त्याचे दर तासाचे तापमानाचे आकडे फोनवर दिसतात. क्वांडरीची वाट साधारण १०,९०० फुटांवर सुरू होते आणि माथा १४,२६५ फूट, म्हणजे हे केंद्र तुमच्या वाटेच्या खालच्या भागाचंच तापमान सांगतं. रात्री किती वाजता शून्याखाली गेलं आणि किती तास खाली राहिलं, ते मोजा. पहाटे चारला तासभर शून्याखाली जाणं आणि रात्री नऊपासून सकाळपर्यंत खाली असणं, या दोन वेगळ्या रात्री आहेत, किमान आकडा एकच असला तरी. उपग्रहाच्या चित्रात मध्यरात्री ढग होते का तेही बघा.

मग गाडीतून उतरलात की स्की न घालता बुटाने बर्फावर उभे राहा. टाच आपटा. कवचाने तुमचं पूर्ण वजन पेललं पाहिजे. काठी उलटी धरून मूठ दाबा आणि कवच किती जाड आहे ते बघा. दोन-तीन सेंटिमीटर टणक आणि खाली ओलं सरबरीत लागलं तर ती रात्र नापास. पण पार्किंगच्या आसपास झाडी आहे आणि झाडाखालच्या बर्फाला आकाश दिसत नाही, म्हणून तिथे तो नेहमी कमी गोठतो. तिथे मन खट्टू होऊ देऊ नका, आणि तिथे कवच चांगलं लागलं तर उत्तमच. खरी परीक्षा झाडी संपते तिथे, साधारण पावणेबारा हजार फुटांवर. तिथल्या उघड्या उतारावर हेच परत करा. तिथेही पाय आत जात असेल तर पुढे काही बघायचं राहत नाही.

आता घड्याळ. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि पूर्वेची धार पहिल्या किरणापासून तापायला लागते. दक्षिणेचे उतार मागोमाग, पश्चिमेचे दुपारी, उत्तरेचे सगळ्यात शेवटी. वरचे दोन-चार सेंटिमीटर सुटे झालेत आणि खाली टणक आहे, हे कॉर्न. ती अवस्था एखाद-दीड तास टिकते. मग कवचच विरघळतं. वारा असला तर तो पृष्ठभाग थंड ठेवतो आणि हा वेळ पुढे सरकतो, वारा पडला तर पटकन संपतो. क्वांडरीवर वारा नसलेला दिवस क्वचितच, पण त्यावर भरवसा ठेवून बेत आखू नका.

खाली यायची वेळ झाली हे बर्फ स्वतः सांगतो. उतारावरून लहान गोळे सुटून लोळत चाकासारखे मोठे व्हायला लागतात. खडकांच्या कडेने बर्फ राखाडी, ओला दिसतो. एखाद्या दगडाखालून एका बिंदूपासून सुरू झालेली, खाली पंख्यासारखी रुंद होत गेलेली रेघ दिसते. स्कीवरून उतरून उभं राहिलात आणि पाय घोट्यापर्यंत गेला, तर निघा. पोटरीपर्यंत गेला तर निघायची वेळ टळून गेलेली आहे, मग तीस अंशांपेक्षा कमी उताराच्या जागेवरूनच उतरा, वाट लांबली तरी चालेल. ओल्या सुट्या बर्फाचा अ‍ॅव्हलांच दिसायला संथ असतो, पण तो वजनदार असतो, माणसाला ढकलत खडकांवर नेतो आणि थांबताक्षणी इतका घट्ट बसतो की फावडं आत शिरत नाही.

खड्ड्याबद्दल. मी वसंतात कॉलम टेस्टसाठी क्वचितच खणते. ती कोरड्या स्लॅबसाठी, म्हणजे एकसंध सरकणाऱ्या थरासाठी, चांगली. ओल्या बर्फात सकाळी सातचा निकाल दहाला खोटा ठरतो, कारण मधल्या वेळात पाणी खाली झिरपलेलं असतं. पण फावड्याने फूट-दीड फूट उकरून मूठभर बर्फ दाबून बघते. गोळा होतो का, पाणी गळतं का, आणि किती खोलीपर्यंत ओलं आहे, हे दोन मिनिटांत कळतं.

चौदाहजारी, तुमचा मे महिन्यातला क्रिस्टो उत्तम झाला असणार, त्याबद्दल शंका नाही. पण 'एप्रिल संपत आला की बसलेला असतो' हे मला मान्य नाही आणि इथे कोणी नवखा ते वाचून निघू नये म्हणून स्पष्ट लिहिते. २० एप्रिल २०१३ ला लव्हलँड पासजवळ शीप क्रीकला सहा जण अ‍ॅव्हलांचमध्ये सापडले, पाच गेले. सहावा अर्धवट गाडला जाऊन तासन् तास अडकून राहिला आणि वाचला. सगळ्यांकडे साधनं होती. उत्तरेचा उतार होता, वितळलेला ओला बर्फ नव्हे. एप्रिलच्या वादळांचं ओझं वर साचलं आणि सगळा स्लॅब जमिनीलगतच्या साखरी दाण्यांवरून सरकला. ते शिखरावरून उडी मारत नव्हते, उताराच्या पायथ्याच्या घळीत होते. १९६२ नंतर कोलोरॅडोत एका अ‍ॅव्हलांचमध्ये इतकी माणसं गेली नव्हती. लव्हलँड पास क्वांडरीपासून लांब नाही.

ते साखरी दाणे आपल्या राज्याची जुनी दुखरी जागा. नोव्हेंबरात बर्फाचा थर पातळ, जमीन शून्याच्या आसपास उबदार, वरची हवा उणे वीस. एवढ्या थोड्या जाडीत एवढा फरक असला की खालचे कण वाफेने बदलून मोठे, सुटे, एकमेकांना न धरणारे होतात. किनाऱ्याजवळच्या डोंगरांत बर्फ जाड पडतो म्हणून तिथे हे कमी, आपल्याकडे जवळजवळ दर वर्षी. हिवाळाभर वरचा स्लॅब त्यांच्यावर कसाबसा उभा असतो. वसंतात वितळलेलं पाणी पहिल्यांदा तिथवर पोहोचतं तेव्हा तो आधार जातो आणि ओला स्लॅब सुटतो. सलग दोन-तीन रात्री गोठल्या नाहीत, की मी तीव्र उताराच्या खालूनसुद्धा जात नाही. एकदा पाण्याने आरपार वाटा काढल्या, सगळा स्नोपॅक शून्यावर आला आणि बऱ्याच वेळा गोठून-वितळून झाला, की त्याच उतारावर मी निर्धास्त असते. पण हे दक्षिणेकडे आधी होतं, पूर्व-पश्चिमेला नंतर, आणि उंचावरच्या उत्तर उतारांवर मे सरता-सरता किंवा जूनमध्ये. तोवर त्याच डोंगराच्या एका बाजूला वसंत असतो आणि दुसऱ्या बाजूला हिवाळा.

बुलेटिनमधल्या 'मॉडरेट'चा अर्थ एवढाच, की अ‍ॅव्हलांच आपोआप येण्याची शक्यता कमी, माणसाच्या वजनाने सुटण्याची शक्यता आहे. कोणत्या बाजूला, किती उंचीवर, दिवसाच्या कोणत्या वेळी, ते खालच्या मजकुरात असतं. तो पूर्ण वाचा, आकडा नंतर.

आता तुमचा बेत. पूर्वेची धार जरूर करा. ती बरीचशी तीस अंशांच्या आत आहे, १३,१०० फुटांच्या आसपासच्या सपाट खांद्यानंतरचा शेवटचा हजारएक फुटांचा चढ तेवढा जास्त उभा. वादळातला वारा पश्चिमेचा, म्हणजे धारेच्या आडोशाला नवा बर्फ साचलेला असेल. उत्तरेच्या कडेला, मॅककलो गल्च या दरीच्या बाजूला, अजिबात जाऊ नका: तिथे खाली उभा उतार आहे आणि तिथला बर्फ अजून हिवाळ्यातला आहे. पावलाखाली पोकळ आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून तडे गेले, तर मागे या. रुंद धार आहे, दक्षिणेकडे सरकायला भरपूर जागा असते.

क्रिस्टो या वेळी नको. वरून त्यात उतरायचं तर जवळजवळ साडेतीन हजार फूट चढून जाईपर्यंत त्याची काय अवस्था आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि तुम्ही चढत असता तेव्हा तो तापत असतो. दक्षिणाभिमुख, अरुंद, दोन्ही बाजूंना गरम होणारे खडक, उतार चाळीस अंशांकडे झुकणारा. माझी पद्धत अशी, की जो कुलुआर उतरायचा तोच चढायचा. ब्लू लेक्सच्या बाजूने अंधारात निघायचं, प्रत्येक पावलाला कवच तपासलं जातं, आणि मधेच पाय आत जायला लागला तर तिथूनच मागे. शिवाय वादळानंतरचे पहिले उन्हाचे दिवस सरू द्यावेत. वरचं पांढरं वितळलं की बहुधा खालून तपकिरी धूळ उघडी पडेल, वसंतात पश्चिमेच्या वाळवंटी पठारावरून उडून येते ती. धुळीचा थर उन्हात आला की बर्फ वितळण्याचा वेग एकदम वाढतो. धूळ दिसली की आपल्या नेहमीच्या वेळेतून अर्धा-पाऊण तास वजा करा.

भटका_जुन्नरी (गुरुवार, दुपारी)

कृष्णाकाठ, खूप दिवसांनी इथे कामाचं काही वाचलं. मी मनालीला स्कीचा बेसिक कोर्स केला आणि गेल्या मार्चमध्ये गुलमर्गला अफरवटवर जाऊन आलो. आपल्याकडे भारतात डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं बुलेटिन येतं, पण ते जिल्हावार आणि उंचीवार असतं, एखाद्या डोंगराच्या एखाद्या बाजूचं नाही. जवळ स्नोटेलसारखं केंद्र असेलच असंही नाही. हामटा किंवा रोहतांगच्या बाजूला एप्रिलमध्ये जायचं असेल तर यातलं काय लागू पडतं? सह्याद्रीत आम्ही तीस-तीस जण एका रांगेत चालतो, तीच सवय तिकडे घेऊन येणारे बरेच ग्रुप मी पाहिले. ते बघून धास्ती वाटते.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री)

भटका, आकाश आणि बूट दोन्ही ठिकाणी सारखेच चालतात. तंबूबाहेर एक साधा थर्मामीटर टांगा, रात्री दोनदा उठून आकाश बघा, तारे दिसले की नाही ते लिहून ठेवा. पहाटे कवच तपासा. केंद्र नसलं तरी एवढ्यावर चांगला निर्णय होतो.

दोन गोष्टी मात्र तिकडे जास्त कडक घ्याव्या लागतील. मनाली ३२ अंश अक्षांशावर, क्वांडरी ३९ च्या वर. तिकडे एप्रिलचा सूर्य अधिक डोक्यावर येतो, त्यामुळे कॉर्नचा वेळ आखूड आणि उत्तरेच्या उतारांनाही ऊन लागतं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तिकडच्या दऱ्या खोल आहेत. तुम्ही तळाशी सावलीत थंड, टणक बर्फावर चालत असता आणि हजार-दीड हजार मीटर वर, तुम्हाला न दिसणाऱ्या उतारावर दोन तासांपासून ऊन असतं. वरच्या उतारांना ऊन कधी लागतं ते आदल्या दिवशी समोरच्या बाजूने बघून ठेवायचं आणि त्यांच्या खालच्या वाटा त्याआधी पार करायच्या. आपल्या पायाखालचा बर्फ टणक आहे, एवढ्यावर तिकडे विसंबता येत नाही.

रांगेबद्दल तुमची धास्ती रास्त आहे. संशयास्पद उतार एकेकानेच ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. तीस जणांच्या रांगेला हे जमत नाही, म्हणून तीस जणांनी तिथे जाऊच नये. हे मी कळकळीने सांगते. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी मोठ्या संख्येने एकाच उतारावर होते आणि एका स्लॅबने दोन डझनांहून अधिक जीव घेतले. ती शिकलेली, शिकवणारी माणसं होती.

ऑरोराकर (गुरुवार, रात्री)

ताई, मनापासून आभार. रविवार रद्द, क्रिस्टोही रद्द, शनिवारी पूर्वेची धार. मित्राला तुमचा पूर्ण प्रतिसाद भाषांतर करून वाचून दाखवला. एक शंका: रात्र चांगली गेली पण सकाळी ढग आले तर काय? बर्फ मऊ व्हायची वाट बघत थांबायचं का?

कृष्णाकाठ (शुक्रवार, पहाटे)

ढग कोणते, त्यावर आहे. दाट ढग आणि वारा असेल तर बर्फ मऊ होणारच नाही. मग अ‍ॅव्हलांचची काळजी कमी, पण घसरण्याची जास्त. टणक कवचावर पडलात तर पस्तीस अंशांवरसुद्धा थांबता येत नाही, थेट पायथ्याच्या दगडांपर्यंत जाल. त्यासाठीच स्की-क्रॅम्पॉन (स्कीला लावायचे बर्फात रुतणारे दात), बुटांचे क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्स बॅगेत हवी, आणि बॅगेतून बाहेर काढायची ती गरज पडण्याआधी. तासभर थांबून फरक पडला नाही तर चढलात तिथूनच क्रॅम्पॉनवर चालत उतरा. स्की पाठीवर घेऊन उतरण्यात कमीपणा नाही.

पातळ, विरळ, दुधी ढग आणि वारा बंद, ही अवस्था मला सगळ्यात नकोशी. ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही, आणि उत्तरेच्या सावलीतला बर्फसुद्धा अर्ध्या तासात ओला होतो. अंगातलं जॅकेट एकदम नकोसं झालं की वर बघा. असे ढग दिसले तर शिखराचा विचार सोडा.

फोन बीकनपासून लांब ठेवा, निदान वीस सेंटिमीटर, आणि शोधताना पन्नास. फोटो काढून झाल्यावर छातीच्या खिशात टाकायची सवय सगळ्यांना असते.

चौदाहजारी (शुक्रवार, सकाळी)

शीप क्रीकची तारीख मला माहीत नव्हती, मी तेव्हा इकडे नव्हतो. माझ्या मे महिन्याच्या अनुभवावरून एप्रिलबद्दल बोललो ते मागे घेतो. ऑरोराकर, हेल्मेटचं मात्र धारेवरही लागू आहे.

ऑरोराकर (शनिवार, संध्याकाळी)

आलो. हूजियर पासला रात्री दहापासून शून्याखाली होतं, सकाळी सातपर्यंत. पार्किंगमध्ये टाच मारली तर कवच टिकलं. पाचच्या आधी निघालो, झाडी संपते तिथे अगदी टणक, स्की-क्रॅम्पॉन लावावेच लागले. १३,१०० च्या खांद्यावर सव्वाआठला. पुढे उत्तरेच्या कडेला बर्फाचा गुळगुळीत, फुगीर पट्टा होता, काठी मारली तर पोकळ आवाज. तिथून दूर दक्षिणेकडून गेलो. वाटेत पहाडी बकऱ्यांचा कळप उभा होता, त्यांनी जागा सोडली नाही, आम्हीच वळसा घातला. माथ्यावर साडेनऊच्या थोडं आधी.

वारा इतका होता की वरचा भाग मऊ झालाच नव्हता. दहा मिनिटं थांबलो आणि निघालो. पहिले हजार फूट कडक, दात वाजत होते. १३,००० च्या खाली कॉर्न सुरू झालं ते १२,००० पर्यंत, आयुष्यात असं स्कीइंग केलं नव्हतं. झाडीत शिरलो तर पाय पोटरीपर्यंत आत, शेवटचा टप्पा कष्टाचा. वरून क्रिस्टोच्या तोंडाशी डोकावून पाहिलं, खडकांच्या कडेने लहान गोळे लोळायला लागले होते.

माथ्यावर अजून अर्धा तास थांबलो असतो तर वरचा भागही मऊ मिळाला असता का?

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री)

वाचून फार आनंद झाला. पोकळ आवाज ऐकून लगेच बाजूला झालात, ते उत्तम.

वरचा भाग कदाचित मिळाला असता, पण खालचा हातचा गेला असता. साडेतीन हजार फुटांच्या उतरणीत वरचं आणि खालचं एकाच वेळी तयार होत नाही. खाली हवा उबदार, वारा कमी, झाडीत रात्रीचं गोठणंही अपुरं. निघायची वेळ मी नेहमी वाटेतल्या सगळ्यात खालच्या तीव्र उतारावरून ठरवते आणि वरचे हजार फूट कडक मिळाले तर तसेच घेते. क्वांडरीच्या झाडीत उतार सौम्य आहे म्हणून पोटरीभर लगद्याचा तुम्हाला फक्त त्रास झाला. खाली पस्तीस अंश असते तर याच वेळेला तिथे असणं धोक्याचं होतं. क्रिस्टोला तर तळापर्यंत तीव्रच आहे, तिथे हे लक्षात ठेवा.

पुढच्या आठवड्यात त्याचा विचार असेल तर आजपासूनच रोज हूजियर पासचा रात्रीचा तक्ता लिहायला लागा: शून्याखाली कधी गेलं, किती तास, ढग होते का. आज रात्रीचे ढग आले आहेत, म्हणजे पहिली ओळ कमकुवतच असणार. गुरुवारी रात्री तो तक्ता इथे टाका, मी बघते.